मंडळीत शांती आहे का?

व्हर्डी टेटमच्या हातची भाकर लेन्सबरोतल्या जवळजवळ प्रत्येक म्हाताऱ्या माणसानं खाल्ली होती. पण वर्षातून एकदाच, आणि तीही नखाएवढी. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी माउंट हर्मनच्या मंडळीत प्रभुभोजन होई. त्याची बेखमीर भाकर व्हर्डी लग्न होऊन आली त्या वर्षापासून भाजत होती. मैदा, लोणी आणि गार पाणी, बस. मीठ नाही, फुगवायला काही नाही. कागदासारखी पातळ लाटायची, काट्यानं टोचे मारायचे आणि कडा तांबूस व्हायच्या आत ओव्हनमधून काढायची. यात शिकण्यासारखं काय आहे, असं गावातल्या पोरीसोरी म्हणत. एखादीनं करून बघितली की तिची भाकर प्रार्थनाघराच्या पायरीपर्यंत पोचेतो मऊ पडलेली असे.

आमची मंडळी जुन्या चालीची. प्रार्थनाघरात बाजा नाही, रंगीत काचा नाहीत, पाळकाला पगार नाही. एल्डर लॅसिटर आठवडाभर जनावरांच्या खाद्याच्या दुकानात पोती उचलायचा आणि रविवारी उपदेश करायचा. दोन गोष्टींत मात्र मंडळी तसूभर हलत नसे. एक, प्रभुभोजन झालं की एकमेकांचे पाय धुवायचे, बायकांनी बायकांचे आणि पुरुषांनी पुरुषांचे. दुसरी, आदल्या दिवशी, शनिवारी, सभा भरवून पाळकानं विचारायचं, "मंडळीत शांती आहे का?" कुणाच्या मनात कुणाविषयी किल्मिष असेल तर तिथंच उठून सांगायचं. एकानं जरी 'नाही' म्हटलं, तरी ते मिटल्याशिवाय, किंवा ज्याच्यामुळे बिघडलं त्याचं नाव काढल्याशिवाय, रविवारी प्रभुभोजनाचं मेज मांडायचं नाही. कुणीच बोललं नाही की शांती आहे असं धरायचं. आणि गप्प बसण्यात लेन्सबरोचा हात धरणारं जॉर्जियात दुसरं गाव नव्हतं.

व्हर्डी या प्रश्नाला बत्तीस वर्षं गप्प बसली. दर वर्षी तो प्रश्न कानावर पडला की ती मान न वळवता समोरच्या मेजाकडे बघायची, आणि एल्डर 'आमेन' म्हणाला की उठायची. मग ती घरी जाऊन मैदा चाळायला घ्यायची.

मान न वळवण्याचं कारण प्रार्थनाघरात सगळ्यांच्या मागं, डाव्या हाताच्या शेवटच्या बाकावर बसलेलं असायचं. तिचं नाव लेसी बॉग्ज.

१९२१ साली लेसी एकतीस वर्षांची होती आणि व्हर्डी एकोणतीसची. लेसी सूतगिरणीत कामाला होती. नवरा लढाईत गेलेला, मूलबाळ नाही. शेजारच्या गावातल्या एका सुताराशी तिचं नुकतंच ठरत होतं. व्हर्डीचा नवरा होइट मंडळीचा डीकन, म्हणजे मेजाची व्यवस्था बघणारा सेवक. त्यामुळे प्रभुभोजनाचा द्राक्षारस त्याच्याच घरी, परसात मांस धुरी देऊन टिकवायच्या धुरखोलीत, टांगलेल्या डुकराच्या मांसाखाली दोन बरण्यांत ठेवलेला असे. ते अमेरिकाभर दारूबंदीचे दिवस, सूट फक्त धर्मविधीच्या रसाला. तो रस म्हणजे अख्ख्या तालुक्यातला एकमेव कायदेशीर थेंब, असं होइट गमतीनं म्हणायचा.

त्या एप्रिलमध्ये व्हर्डीची तान्ही मुलगी डेला गेली. अकरा आठवड्यांची होती. खोकला झाला आणि चार दिवसांत आटोपलं.

मे महिन्यात, सभेच्या सकाळी, एक बरणी निम्मी रिकामी सापडली. सभेत एकच हलकल्लोळ झाला. प्रभूच्या मेजावरचा रस कुणीतरी प्यायलं होतं! त्या वेळचे पाळक एल्डर साइक्स, मोठे करडे. त्यांनी व्हर्डीला उभं केलं आणि विचारलं, "भगिनी टेटम, या आठवड्यात तुमच्या धुरखोलीत कुणी गेलं होतं का?"

व्हर्डीला सगळं ठाऊक होतं. गुरुवारी संध्याकाळी होइट बूट न काढता पलंगावर आडवा झाला होता. त्याच्या तोंडाला वास येत होता, सदऱ्यावर जांभळा डाग होता. तो सदरा तिनंच लिंबू चोळून धुतला होता. ती उभी राहिली. होइट डीकनच्या बाकावर मान खाली घालून बसलेला तिला दिसला. आणि तिच्या तोंडून जे आलं ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

"गुरुवारी दुपारी मी लेसी बॉग्जला धुरखोलीतून बाहेर येताना पाहिलं."

लेसी गेलीच होती. उसना नेलेला मांस दळायचा चरक परत ठेवायला. तिनं तेही कबूल केलं. प्यायलीस का, म्हणून विचारलं तर नाही म्हणाली. "मग आत कुणाला बघितलंस का?" असं एल्डर साइक्सनी विचारलं, तेव्हा मात्र तिनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती आपल्या हातांकडे बघत राहिली. मंडळीला उत्तर न देणं हाच मुळात गुन्हा. हात वर झाले आणि लेसीचं नाव मंडळीतून काढून टाकलं. पंधरवड्यात सुताराच्या आईनं ठरलेलं मोडलं. गिरणीतल्या बाया तिला 'बरणीवाली' म्हणू लागल्या.

वाट मोकळी होती. बाहेर काढलेल्यानं केव्हाही यावं, मंडळीपुढं आपली चूक कबूल करावी, की परत आत. पण लेसी न केलेलं कबूल करायला तयार नव्हती. दुसऱ्या चर्चमध्ये जायलाही तयार नव्हती. मेथडिस्टांच्या पाळकानं तिला दोनदा बोलावलं. "घरच्यांनी दाराबाहेर उभं केलं म्हणून कुणी शेजाऱ्यांकडे राहायला जातं का?" असं म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं. ती दर सभेला यायची, शेवटच्या बाकावर बसायची, आणि मेज मांडायची वेळ झाली की तिथंच बसून राहायची. पाण्याची घमेली बाहेर आली की सगळे पुढं सरकत, बूट-मोजे काढत. लेसी आपले बूट घालून बसलेली असे.

होइट पुन्हा कधी प्यायला नाही. दर हिवाळ्यात तो लेसीच्या दारात सरपणाची रास टाकून यायचा. दार वाजवायचा नाही. व्हर्डी खिडकीतून गाडी भरताना बघायची आणि विचारायची नाही. नवराबायको अठ्ठावीस वर्षं एका छपराखाली राहिली, त्यांना तीन मुलं झाली, आणि या एका गोष्टीवर दोघं मूग गिळून बसली. १९४९ मध्ये तो गेला. शेवटच्या दिवशी म्हणाला, "लेसीकडे लाकडं गेली का?" एवढंच. त्याच्या थडग्यावर 'विश्वासू सेवक' असं कोरलं. पुढं दर हिवाळ्यात मुलाला सांगून लाकडं पाठवायचं व्हर्डीनं चालू ठेवलं. आपण खोटं काही बोललो नाही, हे ती स्वतःला सांगायची. इतक्या वेळा सांगितलं होतं की त्याला आता चवच उरली नव्हती.

आणि १९५३ च्या मे महिन्यात, सभेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, लेसी तिच्या ओट्याची पायरी चढून आली.

बत्तीस वर्षांत ती या घरी आली नव्हती. व्हर्डी वाटाणे सोलत बसली होती, तिच्या मांडीवरचं भांडं कलंडलं.

"पाणी दे गं जरा," लेसी म्हणाली आणि न विचारताच खुर्चीत बसली. तिचे पाय सुजून बुटांबाहेर आले होते. "डॉक्टर म्हणतो काळीज थकलंय. म्हटलं, त्याला आज कळलं होय!"

व्हर्डीनं पाण्याऐवजी ताकाचा पेला आणला. लेसीनं तो अर्धा प्यायला.

"उद्या मी पुढं जाणार आहे," ती म्हणाली. "एल्डर लॅसिटर परवा येऊन गेला. म्हणाला, लेसीमावशी, एकदा म्हणून टाका, कोण बसलंय आता उकरायला? चांगला पोरगा आहे. उद्या सांगते की तो रस मी प्यायले."

"खरंच सांगणारेस?"

"मग काय करू? मला कुणाचे तरी पाय धुवायचेत, व्हर्डी. मरायच्या आधी एकदा. आणि कुणीतरी माझे धुवावेत. असले घाण सुजलेले का असेनात."

ती व्हर्डीकडे बघत राहिली. व्हर्डी पेल्याकडे. लांब कुठंतरी गिरणीचा भोंगा झाला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलायला एकच गोष्ट होती. व्हर्डी म्हणाली, "अजून ताक देऊ?"

"नको," लेसी म्हणाली. काठी टेकत उठली आणि पायऱ्या एकेक करून उतरली.

ती फाटकाबाहेर गेली आणि व्हर्डीच्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटले'. खरंच आला. उद्या लेसी हो म्हणेल, हात वर होतील, सगळं कायमचं मिटेल. होइटचा दगड आहे तसा राहील. तिनं वाटाणे गोळा केले, हात धुतले, आणि मग त्या शब्दाची तिला इतकी लाज वाटली की ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसूनच राहिली. लेसी उद्या देवासमोर खोटं बोलणार होती. जिनं बत्तीस वर्षं खोटं बोलायचं नाही म्हणून शेवटचा बाक धरला, ती बाई आता शेवटी खोटं बोलणार, कारण व्हर्डीचं खरं तिला दुसरी वाटच ठेवत नव्हतं.

शनिवारी सकाळी थोरला मुलगा रॅन्सम ट्रक घेऊन तिला न्यायला आला. बापाच्या जागी आता तो डीकन होता, आणि सभेचं पुस्तकही तोच लिहायचा. वाटेत व्हर्डी म्हणाली, "लेसीचं आज मिटणार म्हणे."

"मिटू दे की. किती वर्षांचं भिजत घोंगडं."

"रॅन्सम, ती प्यायली नव्हती."

त्यानं ट्रकचा वेग कमी केला.

"तुझ्या बाबांनी—"

"आई," तो म्हणाला, "थांब. आज नको. माझी पोरं शाळेत जातात तिथं बाबांचं नाव घेऊन मास्तर उदाहरण देतात. तू जे बोलशील ते मला पुस्तकात लिहावं लागेल. माझ्या हातानं. कळतंय का तुला?"

"कळतंय रे."

"मग?"

तेवढ्यात प्रार्थनाघर आलं. रॅन्समनं ट्रक ओकच्या झाडाखाली लावला आणि तिला हात देऊन उतरवलं, नेहमीसारखंच.

गाणं झालं. एल्डर लॅसिटर एकेक ओळ सांगत होता आणि चाळीस-पन्नास माणसं ती ओढून ओढून म्हणत होती. मग तो मेजामागं उभा राहिला. चौतिशीतला माणूस, मानेवर पोत्यांचे वळ. म्हणाला, शांती विचारायच्या आधी एक काम आहे. एक जण परत येऊ इच्छितात. लेसी शेवटच्या बाकावरून उठली. मधल्या वाटेनं ती पुढं येईतो काठीचे ठोके सगळ्यांनी मोजले असतील. व्हर्डी दुसऱ्या बाकावर होती. लेसीच्या झग्याची कड तिच्या गुडघ्याला घासून गेली.

"सांगा, लेसीमावशी," एल्डर हळूच म्हणाला. "थोडक्यात सांगितलं तरी चालेल."

लेसीनं मेजाच्या कडेवर हात ठेवला. "एकवीस साली," ती म्हणाली, "याच महिन्यात, टेटमांच्या धुरखोलीत—"

"थांब," व्हर्डी म्हणाली.

ती कधी उठली ते तिलाच कळलं नाही. आमच्या मंडळीत बायका विचारल्याशिवाय बोलत नाहीत. पुरुषांच्या बाजूला माना वळल्या. रॅन्समनं पेन खाली ठेवलं.

"एल्डर, मला बोलायचंय. त्या वेळी मला विचारलं, कोण गेलं होतं. मी सांगितलं, लेसी. ते खरं होतं. पण रस होइटनं प्यायला होता. मला माहीत होतं. त्याचा सदरा मी धुतला. लेसीचं नाव पुढं केलं की होइटकडे कुणी बघणार नाही, हेही मला तेव्हाच कळत होतं. उगाच घाबरून बोलून गेले असं म्हणायची सोय नाही. मी विचार करून बोलले."

मग पुरुषांच्या बाकावरून म्हातारा डीकन ब्रॅनन कुरकुरला, "जो उत्तर द्यायला उरला नाही त्याला कशाला ओढायचं मध्ये?"

"त्याला नाही ओढत, ब्रॅनन," व्हर्डी म्हणाली. "त्यानं त्या वर्षी पोरगी पुरली होती. मी स्वतःला ओढतेय."

रॅन्समनं पेन उचललं. तो लिहू लागला, आणि त्या शांततेत निबेचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. व्हर्डीला आयुष्यात कुणाची एवढी कीव आली नव्हती.

एल्डर लॅसिटर भला माणूस, आणि भल्या माणसांना नेहमी घाई असते. लेसीचं नाव काढण्याचा ठराव रद्द झाला, कबुलीशिवाय. सगळे हात वर गेले. कुणीतरी रडत होतं. तिथल्या तिथं त्यानं लेसीला हात देऊन मंडळीत परत घेतलं, आणि त्याच दमात म्हणाला, "भगिनी व्हर्डीनंही आपली चूक उघड केली आहे. आपण सगळे क्षमा करू या, आणि उद्या एकाच मेजाशी बसू या. मंडळीत शांती आहे का?"

नेहमीसारखं सगळे गप्प बसले. 'आमेन' म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

"माझ्याकडे नाही," लेसी म्हणाली.

ती अजून मेजाशीच उभी होती. आवाज मोठा नव्हता. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एल्डर. बत्तीस वर्षांत मला आज पहिल्यांदा विचारलंय. मला शांती नाही. तिच्याविषयी नाही. उद्या कदाचित असेल, पण आज नाही. मी खोटं कशी बोलू?"

एल्डरचा चेहरा पडला. मेज मांडायचं नाही, म्हणजे वर्षभर प्रभुभोजन नाही. लेसीचं परत आल्यावरचं पहिलं प्रभुभोजन, आणि तेच नाही. बायकांत कुजबुज सुरू झाली, बाई हट्टी आहे, एवढं झालं तरी मेली अडून बसली. व्हर्डीला मात्र लेसीचा राग आला नाही. उलट, बत्तीस वर्षांत या प्रार्थनाघरात कुणीतरी त्या प्रश्नाचं नीट उत्तर दिलं, असं तिला वाटलं.

"मग माझं नाव काढा," ती म्हणाली. "नियम तोच आहे ना? ज्याच्यामुळे शांती नाही त्याला बाजूला बसवायचं. लेसीला बसवलंत तसं मलाही बसवा. पण मेज मांडा."

बराच वेळ तिची समजूत घालणं चाललं. शेवटी हात वर झाले, पुष्कळसे अर्ध्यावर. रॅन्समचा हात सर्वांत शेवटी गेला. आईच्या नावापुढं काय लिहायचं ते त्यानं एल्डरला विचारलं नाही. बत्तीस वर्षांपूर्वीचं पान उघडून बघितलं आणि तसंच लिहिलं.

दुपारी व्हर्डी सवयीनं स्वयंपाकघरात गेली, मैद्याचा डबा काढला आणि थबकली. मंडळीबाहेरच्या बाईच्या हातची भाकर मेजावर चालत नाही. डबा तसाच पुढ्यात घेऊन ती बसली. तोच ओट्यावर काठी वाजली.

"बाकी सगळ्याजणींनी कानावर हात ठेवले," लेसी दारातून म्हणाली. "तुझ्याशी बरोबरी नको म्हणे. मग म्हटलं, मीच करते. मला येत नाही. तू हात लावू नकोस, नुसतं सांग."

व्हर्डीनं सांगितलं. लेसीनं लोणी मैद्यात चोळलं. "इतकं मळायचं नाही गं, वातड होईल," व्हर्डी म्हणाली; लेसी म्हणाली, "गिरणीतले हात आहेत, हळू कुठून येणार?" लाटणं तिच्या हातात तिरकं फिरत होतं. व्हर्डीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, नाहीतर तिनं ते हिसकावूनच घेतलं असतं.

भाकर ओव्हनमध्ये गेली. दोघी स्टुलांवर बसल्या.

"लेसी," व्हर्डी म्हणाली, "त्या दिवशी एल्डर साइक्सनी तीनदा विचारलं. तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी चरक ठेवायला गेले तर होइट तिथं जमिनीवर बसलेला. बरणी मांडीत. रडत होता. एवढा दांडगा बाप्या, पोरासारखा. म्हणाला, लेसी, कुणाला सांगू नकोस, डेलाचं नाव घेतलं की व्हर्डी खोलीबाहेर जाते, मी कुणापाशी रडू? मी म्हटलं, नाही सांगणार. शब्द दिला होता." तिनं कपाळावरचं पीठ पुसलं, ते आणखी पसरलं. "मला वाटलं, तो उठेल. मग वाटलं, तू उठशील. मग सवय झाली."

डेलाचं नाव या घरात कितीतरी वर्षांनी कुणीतरी घेतलं होतं. व्हर्डीला रडू आलं आणि तिनं ते थांबवलं नाही. होइट कुणापाशी तरी रडला होता, आणि ज्या बाईपाशी रडला तिलाच तिनं दाराबाहेर काढलं होतं. लेसीनं हात पुढं केला नाही.

"मग आज खोटं कबूल करायला का निघाली होतीस?" व्हर्डीनं शेवटी विचारलं.

"पाय धुवायचे होते. ते खरंच सांगितलं." लेसी ओव्हनकडे बघत म्हणाली. "आणि तू मला ते करू देतेस का, ते बघायचं होतं. काल ताक विचारलंस ना, तेव्हा वाटलं, देणार करू."

"देणारच होते मी."

"ठाऊक आहे. वास येतोय बघ, करपेल."

भाकर एका बाजूला जाड झाली होती आणि कडेला काळसर. लेसी ती फडक्यात गुंडाळून घेऊन गेली.

रविवारी रॅन्सम आईला न्यायला आला. दारात तिचा हात सोडताना क्षणभर थांबला. व्हर्डी डाव्या हाताला वळली आणि शेवटच्या बाकाकडे गेली. बाकावर एक उशी होती. निळ्या-करड्या चिंध्यांची, कापूस बसून चपटी झालेली, मध्ये खळगा पडलेली. लेसीनं एवढ्या वर्षांत ती कितीदा उसवून शिवली असेल कोण जाणे. ती पुढं, दुसऱ्या बाकावर बसली होती, उशीशिवाय.

व्हर्डी उशीवर बसली आणि तिला पहिल्यांदा कळलं की इथून मेज दिसतच नाही. मध्ये शेगडी, शेगडीचं नळकांडं आणि छताचा खांब. पुढून सगळ्यांना वाटायचं, लेसी मागं बसून बघत असते. बत्तीस वर्षं ती एका काळ्या नळकांड्याकडे बघत होती. एल्डरचे शब्द तेवढे ऐकू आले, आणि भाकर मोडल्याचा आवाज. जाड होती, दोनदा मोडावी लागली. मग घमेल्यांत पाणी ओतलं गेलं, बायकांच्या बाजूला बूट निघू लागले, आणि त्यात कुणीतरी हुंदका दिला. तो लेसीचा की तिचे पाय धुणारीचा, हे तिथून कळायला मार्ग नव्हता. व्हर्डी बूट घालून बसून राहिली.

बाहेर झाडांखाली फळ्यांच्या टेबलांवर जेवणं मांडली जात होती. लेसी मधल्या वाटेनं मागं आली. मोजे तिनं हातात धरले होते, अनवाणी होती, आणि तिचे सुजलेले पाय स्वच्छ आणि लालसर दिसत होते. व्हर्डी उठली आणि तिनं उशी पुढं केली.

"तुझी राहिली."

"राहिली नाही, ठेवलीय. पुढच्या मे महिन्यापर्यंत लागेल तुला. बाक कडक आहे."

"लेसी, पण डॉक्टर म्हणतो ना, तुझं—"

"डॉक्टरला काय कळतंय? मला अजून तुला माफ करायचंय. ते झाल्याशिवाय कशी मरेन मी?" लेसी काठीवर रेलून बाकाकडे बघत म्हणाली. "आणि बाकाचा उजवा पाय डुगडुगतो, भिंतीकडे सरकून बसत जा."

व्हर्डीनं उशी भिंतीकडे सरकवून ठेवली. मग दोघी जेवायला बाहेर गेल्या, लेसी पुढं आणि व्हर्डी दोन पावलं मागं.